काका, तुम्ही आधी बिल मागितलंत

तीर्थस्वरूप काकांस,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही आमच्या अंगणात पहिल्यांदा आलात तो ऑक्टोबर २०२१ मधला दिवस होता. यांना जाऊन साडेपाच महिने झाले होते. तोवर दारात आलेलं प्रत्येक माणूस 'देवाच्या मनात होतं, त्याला आपण काय करणार' एवढं म्हणून उठायचं. तुम्ही बाजेवर टेकलात, पाणी प्यालात, दोन्ही पोरांना इयत्ता विचारलीत आणि मग मला म्हणालात, "पोरी, दवाखान्याचं बिल ठेवलंयस का?"

मला तेव्हा तुमचा राग आला होता. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते. घरातला माणूस गेला आणि हे गृहस्थ बिल मागतात, असं वाटलं. सासूबाई तर आतून म्हणाल्या, "विमेवाले असतील, चहा नको ठेवूस." पण तुम्ही उठला नाहीत. तीस वर्षं बँकेत कॅशियर होतात, तुमच्या स्वतःच्या बहिणीलाही कोविडमध्ये असंच गमावलंत, आणि आता गावोगाव फिरून बिलं तपासून देता, असं सांगितलंत. मग मी पत्र्याची पेटी उघडली. बिल यांच्या लग्नातल्या कोटाखाली होतं. मी ते पुन्हा उघडून पाहिलंच नव्हतं. पैसे भरले, सही केली, घडी घातली, एवढंच.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही सत्काराला नाही म्हणालात, नारळसुद्धा घेतला नाहीत. आणि दुसरं म्हणजे प्रवरेच्या काठच्या किती घरांत अशी बिलं अजून पेटीत पडून असतील, त्या घरांनी हे वाचावं असं मला वाटतं.

ती संध्याकाळ मला मिनिटामिनिटानं आठवते. तुम्ही बिल जमिनीवर पसरलंत, थोरल्याकडून पाटी मागितलीत आणि तिच्यावर तीन रकाने आखलेत. तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं की मे २०२० मध्येच सरकारनं खाजगी दवाखान्यांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते. साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटर नसलेल्या अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरवर ९,०००. खाट, नर्सिंग, डॉक्टरांची भेट, जेवण, रोजच्या रक्ततपासण्या, एक्स-रे, साधी औषधं, हे सगळं त्या दरातच होतं. पीपीई किट, सीटी स्कॅन, महागडी इंजेक्शनं तेवढी वेगळी लावता येत होती, आणि स्कॅनच्या दरालाही वर मर्यादा होतीच.

यांचे तेरा दिवस तुम्ही मलाच मोजायला लावलेत. चार दिवस वॉर्डात, सहा अतिदक्षता विभागात, तीन व्हेंटिलेटरवर. सोळा हजार, पंचेचाळीस हजार, सत्तावीस हजार. एकूण ८८,०००. मी शिवणकाम करते, मापं आणि बेरजा माझ्या रोजच्या आहेत, पण त्या बेरजेला हात थरथरत होता. दुसऱ्या रकान्यात तुम्ही वेगळं लावता येण्यासारखं सगळं लिहिलंत, एक इंजेक्शनही वगळलं नाहीत. ते ७१,००० झाले. आणि बिल होतं २,७४,००० चं. तिसऱ्या रकान्यात नर्सिंग चार्जेस, डॉक्टर व्हिजिट, मॉनिटर, जैविक कचरा अशी, वेगळी लावायलाच नको होती ती नावं एकाखाली एक आली. १,१५,००० रुपये.

आमच्या दोन दुभत्या गाई त्या तिसऱ्या रकान्यात गेल्या होत्या. माझं मंगळसूत्र, दिराची उसनवारी, सगळं तिथंच.

मी रडायला लागले तेव्हा तुम्ही गप्प बसलात. मग म्हणालात, "नर्सनं त्यांची काळजी घेतली का?" मी हो म्हटलं. खरंच घेतली होती. एक मुलगी तर स्वतःच्या मोबाइलवरून यांना पोरांशी बोलू द्यायची. तुम्ही म्हणालात, "मग तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार या कागदाबद्दल आहे." त्या वाक्यानं मला बळ आलं. ज्यांनी जीव वाचवायची धडपड केली त्यांच्या विरोधात जायचं, हा विचारच मला खात होता. तुम्ही माणूस आणि कागद वेगळे करून दाखवलेत.

आणखी एक गोष्ट त्या रात्री कळली. महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे सरकारची मोफत उपचारांची योजना, कोविडच्या काळात रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली केली होती. व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णाचा उपचार तिच्यात बसत होता. त्या दवाखान्याच्या दारावर योजनेचा फलक होता, मी स्वतः बघितला होता. पण काउंटरवर विचारलं तर "योजनेच्या खाटा भरल्यात, आधी पन्नास हजार डिपॉझिट भरा" एवढंच उत्तर मिळालं. आरोग्यमित्र नावाचा माणूस तिथं बसायला हवा, त्याच्याकडे जाता येतं, १५५३८८ वर फोन करता येतो, यातलं काही ठाऊक नव्हतं. बाहेर नवऱ्याचा श्वास लागलेला असताना कोण कुठला नंबर शोधणार? माहिती आधीपासून घरात असावी लागते, हे तुमचं म्हणणं तेव्हापासून मनात घट्ट बसलं.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला अर्ज लिहायला लावलात. उपचाराचे सगळे कागद लेखी मागायचे, मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात, हा डॉक्टरांच्या आचारनियमांतलाच नियम आहे, हे तुम्ही तीनदा पाठ करून घेतलंत. काउंटरवरचा मुलगा "असं काही नसतं" म्हणाला तेव्हा मी नियमाचं नाव आणि २००२ हे साल सांगितलं. त्यानं आत जाऊन विचारलं. तिसऱ्या दिवशी फाईल हातात आली.

पण जादा बिलाबद्दल सरकारी कचेरीत एकटीनं दिलेल्या तक्रारीचं काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. पोच मिळाली, पुढं काही नाही. दोनदा गेले, दोनदा 'साहेब मीटिंगला आहेत.' शिवणाचे दोन दिवस बुडाले आणि एसटीचं भाडं गेलं. मी सोडून द्यायच्या बेतात होते.

तेव्हा तुम्ही मारुतीच्या देवळात आम्हाला एकत्र बसवलंत. पहिल्या दिवशी सात जणी, महिन्याभरात एकोणीस. कुणी उसाच्या तोडीवरून आलेली, कुणी शिक्षकाची बायको, कुणाचं बाळ अजून अंगावर पिणारं. त्याच दिवसांत जन आरोग्य अभियान आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती या संघटना राज्यभर अशी बिलं गोळा करत होत्या, आणि हे एकट्या आमच्या तालुक्याचं दुखणं नाही, हे तुमच्याकडून कळलं. 'एकल महिला' हा शब्दही तेव्हाच कानावर पडला. जुना शब्द ऐकला की मान खाली जायची. हा ऐकून जात नाही.

देवळात प्रत्येकीनं आपलं बिल स्वतः वाचायचं, हा नियम तुमचाच. जिला वाचता येत नव्हतं तिच्यासाठी दुसरी वाचायची, पण बोट तिचंच कागदावर. आणि मग ते दिसलं, जे एकेकटीला कधीच दिसलं नसतं. वेगवेगळ्या दवाखान्यांच्या बिलांत तीच चार-पाच नावं, जवळपास त्याच रकमा. तुम्ही मोठ्या कागदावर तक्ता केलात. एकोणीस ओळी. तो तक्ता भिंतीला लावला तेव्हा मागं बसलेली एक म्हातारी सासू म्हणाली, "अगं, म्हणजे आपण मूर्ख नव्हतो." काका, इतके महिने आम्ही सगळ्या मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत होतो. ते ओझं त्या तक्त्यानं उतरवलं.

तुम्ही तेव्हा सांगितलेली एक गोष्ट मी पुढं बऱ्याच जणींना सांगितली आहे. २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातल्या लोकांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असा शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारायचं. डॉक्टर मुक्कामी राहतात का, औषध बाहेरून आणायला लावतात का, बाळंतपणाला कुणी पैसे घेतले का. आदिवासी पाड्यांवरच्या बायका हे करू शकल्या, मग आपण का नाही, असं तुम्ही विचारलंत. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आमच्या तक्रारींवरच्या सुनावणीच्या दिवशी तुम्ही मुद्दाम मागच्या खुर्चीवर बसलात. मला वाटलं होतं तुम्हीच बोलाल. तुम्ही मान हलवलीत फक्त. मी उभी राहिले आणि तक्ता टेबलावर पसरला. साहेबांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि दवाखान्याच्या माणसाला विचारलं, "दरात नर्सिंग धरलेलं असताना हे नर्सिंग वेगळं कशाचं?" त्यानं फाईल चाळली. पुन्हा चाळली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता.

मला ८२,००० रुपये परत मिळाले, दोन धनादेशांनी. सगळे नाहीत. तुम्ही हिशेबाला पक्के, तुम्हाला ते उरलेले ३३,००० अजून सलतात, हे मला माहीत आहे. काही जणींना काहीच मिळालं नाही. ती शेवटच्या ओळीतली, जिच्याकडे चिठ्ठीवर पेननं लिहिलेला आकडा होता आणि शिक्का नव्हता, तिच्यासाठी तुम्ही चार वेळा गेलात. परत येताना एसटीत तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात. आम्ही काही बोललो नाही. तेव्हापासून आमच्या गावात कुणीही दवाखान्यात निघालं की पहिलं वाक्य 'पक्की पावती घ्या' हेच असतं.

गाय एकच घेतली. उरलेल्यातून पिको-फॉलचं मशीन. सरकारकडून मिळणाऱ्या पन्नास हजारांच्या सानुग्रह अनुदानाचा अर्जही तुम्हीच भरून घेतलात, ते मी पोरांच्या नावानं टाकलं.

आता तुम्हाला आवडेल ते सांगते. मागच्या ग्रामसभेत आम्ही बायकांनी आरोग्याचा विषय पत्रिकेवर घ्यायला लावला. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत, हे माइकवरून सांगितलं. फुले योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत गेलंय, तेही सांगितलं. धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात राखीव असतात, हे ऐकल्यावर एक जण उठून म्हणाला, "हे खरं असेल तर माझ्या आईच्या हृदयाच्या ऑपरेशनला मी शेत का विकलं?" मी काय सांगणार होते? त्याला म्हटलं, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, पुन्हा वेळ आली तर धावपळ नको.

एक काळजी मात्र आहे आणि ती तुमच्यापाशीच बोलते. आमच्या हातातले ते दर कोविडपुरतेच होते. आज डेंग्यूच्या किंवा अपघाताच्या रुग्णाला कुणी ७,५०० च्या जागी वीस हजार लावले तर मी पाटीवर कुठला आकडा लिहू? २०२१ च्या जानेवारीत शुश्रूषागृहांच्या, म्हणजे खाजगी दवाखान्यांच्या, नियमांत दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायची सक्ती आली, तक्रार निवारण कक्ष आला, हे मोठंच काम झालं. पण लावलेला दर किती असावा, यावर बंधन नाही. मला वाटतं, पुढची मागणी हीच असायला हवी. साथीत दर ठरवता येतात, हे सरकारनंच करून दाखवलंय. आमच्या एकोणीस जणींना ते ठाम पटलंय, आणि त्याचा ठराव आम्ही येत्या ग्रामसभेत मांडणार आहोत. मसुदा मी लिहिलाय. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय द्यायचा नाही.

परवा वाडीवरच्या एका मजुराच्या पोराला तापानं पाच दिवस ठेवलं होतं. तो सुटून आला तसा बाप सरळ माझ्याकडे आला. सगळ्या पावत्या पक्क्या आहेत, काका. शिक्क्यासकट. मी दोन रकाने भरलेत, तिसऱ्यात काय घालायचं ते कळत नाही. गुरुवारी बाजाराला याल तेव्हा इकडे उतरा. सासूबाईंनी बाजरीची भाकरी आणि ठेचा करायचं ठरवलंय, आणि चहा आधीच ठेवणार म्हणाल्यात.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
देवळातली सातवी