कस्टम्सची पावती ११,५५० ची आणि तुमचं ‘कस्टम्स’चं बिल १,९७,९९० चं, हे कसं काय?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग, पुणे ऑफिस

दिनांक: ७ ऑक्टोबर २०२४

विषय: न्यू जर्सीहून पुण्याला आणलेल्या घरसामानावर कस्टम्सच्या नावाखाली जास्तीचे घेतलेले पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार,

बुकिंग नंबर मेलच्या सब्जेक्टमध्ये टाकलाय. ही माझी सहावी मेल. आधीच्या पाच इंग्रजीत होत्या आणि पाचही वेळा उत्तर एकच, की आपली तक्रार संबंधित टीमकडे पाठवली आहे. बुकिंग घेताना मात्र तुमचे सेल्सवाले दादा "ताई तुम्ही काही टेन्शन घेऊ नका, एडिसनच्या दारातून उचलतो आणि कोथरूडच्या हॉलमध्ये आणून ठेवतो" असं छान मराठीत बोलत होते, तर म्हटलं तक्रारही मराठीतच करून बघू, निदान कळलं नाही असं तरी म्हणता येणार नाही.

आधी जे तुमच्या हातात नव्हतं ते बाजूला ठेवते. ३ जूनला तुमच्या माणसांनी सामान उचललं, २४ जूनला जहाज निघालं आणि न्हावा शेवाला ९ ऑगस्टला लागलं. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून येतायत हे मलाही माहितीये, त्या उशिराबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं भांडण ९ ऑगस्टनंतरचं आहे.

सगळ्याचं मूळ बीएलवरच्या (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाने पाठवलेल्या मालाची पावती) नावात आहे. बुकिंगच्या पहिल्याच फोनवर मी सांगितलं होतं की ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स, म्हणजे परदेशातून कायमचं परत येणाऱ्याला घरसामानावर मिळणारी ड्युटीची सवलत, माझ्या पासपोर्टवर घ्यायचं आहे, नवऱ्याच्या नाही. कारणही सांगितलं होतं. सासऱ्यांच्या आजारपणात नवरा मागच्या दोन वर्षांत मिळून सात महिन्यांच्या वर भारतात होता आणि तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज रूल्समध्ये स्पष्ट होतं की परत येण्याआधी किमान दोन वर्षं परदेशात राहिलेलं पाहिजे आणि त्या काळातल्या भारतातल्या फेऱ्या सगळ्या मिळून सहा महिन्यांच्या वर जाता कामा नयेत. त्याच्या नावावर सवलत मागायची तर वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून सूट घ्यावी लागते. माझे अठरा दिवसच झाले होते, माझ्या पासपोर्टवर पाच लाखांपर्यंतचं वापरलेलं सामान बिनड्युटी येत होतं, इतका साधा हिशोब. हे १२ एप्रिलच्या मेलमध्ये लिहूनही दिलं, पासपोर्टची कॉपी जोडली. तरी बीएल आला तो नवऱ्याच्या नावाने, का तर म्हणे अॅडव्हान्स त्याच्या कार्डवरून भरला होता! आता कार्ड कोणाचं याचा आणि कन्साइनी, म्हणजे ज्याच्या नावाने माल येतो तो, कोण याचा काय संबंध? आणि ड्राफ्ट बीएल २६ जूनला आला तेव्हा मी त्याच दिवशी उलट मेल केली की नाव चुकलंय, बदला. तुमच्याकडून एका शब्दाचं उत्तर आलं, "नोटेड". जहाज तेव्हा नुकतंच बंदरातून हललं होतं, भारतात मॅनिफेस्ट, म्हणजे जहाजावरच्या मालाची यादी, जायच्या आत नाव बदलायला सहा आठवडे हातात होते.

बदललं नाही. १३ ऑगस्टला कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनरच्या गोडाऊनमध्ये, उघडला, तिथून सात दिवस फ्री. आणि १९ ऑगस्टला, म्हणजे सातव्या दिवशी संध्याकाळी, तुमच्या माणसाचा फोन की "मॅडम एक छोटासा प्रॉब्लेम आहे, नाव मॅच होत नाहीये, आयजीएम अमेंडमेंट करावी लागेल", म्हणजे कस्टम्सकडे गेलेल्या मॅनिफेस्टमधलं नाव दुरुस्त करायचं. त्या छोट्याशा प्रॉब्लेमला २ सप्टेंबर उजाडला. वीस तारखेपासून गोडाऊनचं भाडं चालू, आणि ते कोणाच्या नावावर चढतंय तर माझ्या.

५ सप्टेंबरला तपासणीला बोलावलं. ओरिजिनल पासपोर्ट घेऊन मालकाला स्वतः जावं लागतं, ते मान्य. पहाटे साडेचारला घरातून निघाले, पळस्पे फाट्यावर चहा घेतला, नऊच्या आत सीएफएसच्या गेटवर. तुमचा एजंट साडेअकराला उगवला, हातात तुमच्या पॅकर्सनी बनवलेली पॅकिंग लिस्ट. त्या लिस्टमध्ये दोन टीव्ही! एक ६५ इंची, तो खरा. दुसरा माझा २७ इंची कॉम्प्युटरचा मॉनिटर, तोही टीव्ही म्हणूनच लिहिलेला. आता हे धंद्यातलं तुम्हाला मी सांगायचं का, की फ्लॅट टीव्ही तेव्हा ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्येसुद्धा फ्री नव्हता, त्यावर ३५ टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर दहा टक्के सरचार्ज, म्हणजे एकूण ३८.५ टक्के लागत होता, त्यामुळे मॉनिटरला टीव्ही लिहिलं की ग्राहकाच्या खिशाला सरळ भोक. शिवाय निम्म्या कार्टनांवर नुसतं "किचन मिसलेनियस". माझ्या चकलीच्या सोऱ्याचा खोका दोनदा उघडला गेला कारण स्कॅनमध्ये ते काय आहे ते कोणाला कळेना, आणि कागदावर बघावं तर मिसलेनियस.

इथे एक सांगते. मी कस्टम्सबद्दल लोकांच्या इतक्या गोष्टी ऐकून गेले होते की पोटात गोळा आला होता. प्रत्यक्षात तिथल्या अधिकाऱ्यांनी मॉनिटर उलटा करायला लावला, मागचं लेबल वाचलं, अँटेनाचं सॉकेट नाही हे बघितलं आणि लिस्टवर स्वतःच्या पेनाने दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी सहीचं काम झालं. बाकीच्या सामानाची किंमत त्यांनी ३,८०,००० धरली, पाच लाखांच्या आत, त्यावर शून्य. टीव्हीची ३०,००० धरली, त्यावर ११,५५० रुपये ड्युटी. मधे ७ ला गणेश चतुर्थी आणि ८ ला रविवार, ९ तारखेला तुमच्या एजंटने ते पैसे भरले आणि पावती माझ्या हातात. तुम्ही तीन आठवडे ज्यांच्या नावाने बोटं मोडत होतात त्या कस्टम्सनी कामाचे तीन दिवस घेतले. आमचे गणपती मात्र शेजारच्या काकूंच्या चौरंगावर आणि त्यांच्याच समईच्या उजेडात बसले, कारण आमचं सगळं कार्टन नंबर ३१ मध्ये होतं.

मला वाटलं झालं आता, १० ला गाडी लागेल. १० ला सकाळी व्हॉट्सअॅपवर मेसेज, "कस्टम्स क्लिअरन्स १,९७,९९० आजच भरा नाहीतर गाडी सुटणार नाही आणि भाडं वाढत जाईल". फोन केला तर म्हणे "मॅडम कस्टम्सचं आहे, त्यात आमच्या हातात काही नसतं". अहो, कस्टम्सची पावती माझ्या पर्समध्ये आहे! ब्रेकअप मागितला, तीनदा मागितल्यावर आला. त्यात ड्युटी ११,५५०, एक्झामिनेशन अँड फॅसिलिटेशन ४५,०००, टर्मिनल हँडलिंग आणि डिलिव्हरी ऑर्डर ३८,६००, सीएफएसचं भाडं २३ दिवसांचं रोज १,८०० प्रमाणे ४१,४००, बीएल आणि आयजीएम दुरुस्ती १८,०००, एजन्सी फी १५,००० आणि ड्युटी सोडून बाकी सगळ्यावर १८ टक्के जीएसटी २८,४४०. म्हणजे ज्याला तुम्ही कस्टम्स म्हणून पैसे मागितलेत त्यातलं सरकारच्या कस्टम्सला गेलेलं सहा टक्केसुद्धा नाही. घरात दोन गाद्या, आम्ही चौघं, मुलांची शाळा सुरू झालेली आणि तिकडे मीटर पडतोय, शेवटी भरले. आपलंच सामान पैसे देऊन सोडवून आणल्यासारखं वाटलं मला.

आता एकेक घेऊ. बीएल तुम्ही चुकवलात, चूक मी दाखवली, ती सुधारायचे १८,००० मी का द्यायचे? भाड्याचंही तेच, नाव बरोबर असतं तर सातच्या सात फ्री दिवसांत तपासणी उरकली असती, तेव्हा ४१,४०० पैकी एक रुपयाही माझा नाही. एजन्सी फीचं तर मला हसूच आलं, कारण तुमच्या ४,१५० डॉलरच्या कोटेशनमध्ये दुसऱ्याच ओळीत "भारतातील कस्टम्स क्लिअरन्स समाविष्ट" असं छापलंय. आणि ते ४५,००० चं फॅसिलिटेशन म्हणजे नक्की काय हो? कोणाला दिले? तपासणीच्या वेळी मी पूर्ण वेळ तिथे उभी होते, खोके उघडणाऱ्या दोन माथाडींना चहापाणीसुद्धा मी दिलं. जर हे पैसे कुठल्या अधिकाऱ्याला दिले असतील तर तसं लेटरहेडवर लिहून द्या, पुढचं मी बघते. आणि दिले नसतील तर परत द्या.

टर्मिनल हँडलिंगच्या ३८,६०० बद्दल मात्र मी प्रामाणिकपणे सांगते, कोटेशनच्या चौथ्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात "डेस्टिनेशन पोर्ट चार्जेस अॅट अॅक्चुअल्स", म्हणजे बंदराचा खर्च प्रत्यक्ष होईल तितका, असं आहे, ते मी वाचलं नाही, ती माझी चूक. डोअर टू डोअर म्हणायचं आणि बंदराचा खर्च वेगळा ठेवायचा ही तुमच्या धंद्याची रीत असेल तर असो. पण अॅक्चुअल्स म्हटलंत ना, मग शिपिंग लाइनची आणि सीएफएसची मूळ बिलं दाखवा. माझं सामान कंटेनरचा एक कोपरा होतं, आख्ख्या कंटेनरचा खर्च माझ्यावर टाकला नाहीये हे मला कागदावर बघायचंय. जीएसटी २८,४४० घेतलात पण हातात प्रोफॉर्मा टेकवलात, रीतसर टॅक्स इनव्हॉइस अजून आलेला नाही, तोही हवाय.

राहिलं नुकसान. कार्टन ३१ मधला पितळी कडीचा डबा, माझ्या आजेसासूबाईंचा, एका बाजूने असा चेपलाय की झाकण बसत नाही, आणि परातीची कड दुमडलीये. आत कागदाचा एक बोळा नाही, दोन्ही नुसती एकावर एक टाकलेली. इन्शुरन्सचा १९० डॉलर प्रीमियम घेतलात आणि क्लेम नाकारताना कारण दिलंत की इन्व्हेंटरीवर पीबीओ आहे, म्हणजे मालकाने स्वतः पॅक केलेलं. साफ खोटं. तुमची तीन माणसं आमच्या स्वयंपाकघरात पॅकिंग करतानाचा व्हिडिओ माझ्या मुलीने काढलाय, त्यात ३१ नंबर खोक्यावर लिहिताना स्पष्ट दिसतोय. पीबीओची खूण कोणी आणि केव्हा मारली ते सांगा, कारण माझ्याकडच्या सही केलेल्या कॉपीवर ती नाहीये.

तर मागणी अशी. फॅसिलिटेशन, भाडं, दुरुस्ती आणि एजन्सी मिळून १,१९,४०० आणि त्यावरचा जीएसटी २१,४९२, एकूण १,४०,८९२ रुपये पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या खात्यात परत जमा करा. बंदराच्या खर्चाची मूळ बिलं द्या. इन्शुरन्सचा क्लेम परत उघडा. "गुडविल जेस्चर" म्हणून पुढच्या शिफ्टिंगवर दहा टक्के सूट देऊ असं तुमच्या बाईंनी फोनवर सांगितलं, ते कृपया परत बोलू नका, मी काय दरवर्षी देश बदलणारे का?

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि ऑनलाइन पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकणार. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथेच केस करता येते, त्यामुळे कोटेशनवरचं "ओन्ली न्यू जर्सी ज्युरिसडिक्शन" वाचून घाबरणार नाही. बीएल तुमच्या अमेरिकेतल्या कंपनीने काढलाय, तेव्हा तिथल्या फेडरल मेरिटाइम कमिशनकडेही कागद पाठवणार, तुमचं लायसन्स त्यांच्याकडूनच असतं.

सोबत १२ एप्रिल आणि २६ जूनच्या मेल, दोन्ही बीएल, अधिकाऱ्यांच्या दुरुस्तीची पॅकिंग लिस्ट, ड्युटीची पावती, व्हॉट्सअॅपचा मेसेज, तुमचा ब्रेकअप आणि डब्याचे फोटो जोडले आहेत. व्हिडिओ मोठा आहे, लिंक पाठवते. फोन केलात तरी चालेल, संध्याकाळी सहानंतर करा, पण जे काही ठरेल ते मेलवर लिहून पाठवा, तोंडी आता काही नको.

आपली,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे