माणूस मुळातच दुष्ट? बायबल तसे म्हणत नाही

संपादक महोदय,

‘बायबलच्या मते माणूस मुळातच वाईट’ हे विधान सर्रास केले जाते. ते अर्धवट आहे. ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात (१:२७) माणूस देवाच्या प्रतिमेत घडतो. पतन, म्हणजे आदाम-हव्वेने देवाची आज्ञा मोडणे, येते तिसऱ्या अध्यायात. आणि पतनानंतरही ती प्रतिमा पुसली जात नाही. जलप्रलयानंतर मनुष्यहत्येला मनाई करताना ९:६ मध्ये तेच कारण दिले आहे. याकोबाचे पत्रही (३:९) त्याचाच आधार घेते.

गल्लत होते ती स्तोत्र ५१:५ (‘मी जन्मतःच पापी’ ही कबुली) किंवा रोमकरांस पत्र ५:१२ (एका माणसामुळे पाप जगात आले) ही वचने सुटी उचलल्यामुळे. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात पत्राचा लेखक, प्रेषित पौल सांगतो की चांगले करण्याची इच्छा आहे, पण हातून घडते वाईट. ही दुष्टता नव्हे, गुलामी आहे. म्हणून पाचवा ते आठवा अध्याय सलग वाचावेत. सुटकेची गोष्ट आठव्यात येते.

बापाच्या पापाची शिक्षा मुलाला नाही, हे बायबलमधल्याच यहेज्केल या पुस्तकात (१८:२०) स्पष्ट आहे. आदामाचा दोषही वारशाने येतो, हा विचार ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडितामुळे पश्चिमेकडील चर्चमध्ये रुजला; पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा मरण आणि दुर्बलता यांचाच वारसा मानते.

– एक वाचक, वसई