महालिया जॅक्सन यांचे नाव राहून गेले

महोदय,

28 ऑगस्टच्या अंकातील, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टन मोर्चावरचा लेख वाचला. 1963 च्या त्या दिवशी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ‘माझे एक स्वप्न आहे’ या भाषणाआधी लाखोंच्या समुदायापुढे गाणाऱ्या कृष्णवर्णीय भक्तिगीत-गायिका महालिया जॅक्सन यांचे नाव लेखात कुठेच नाही, याचे फार वाईट वाटले. भाषण चालू असताना ‘मार्टिन, त्यांना त्या स्वप्नाबद्दल सांग’ असे त्यांनीच ओरडून सुचवल्याचे किंग यांचे सहकारी क्लॅरेन्स जोन्स यांनी सांगितले आहे.

मी आमच्या चर्चच्या गायनमंडळात पेटी वाजवते. ना. वा. टिळकांची भजने गात लहानाची मोठी झाले, म्हणून असेल कदाचित, पण या बाईंचा निग्रह मला त्यांच्या आवाजाइतकाच मोठा वाटतो. न्यू ऑर्लिन्समध्ये 1911 साली जन्म, आई लहानपणीच गेली. शिकागोत लोकांची धुणी धुतली, घरकाम केले, पुढे केशभूषेचे दुकान चालवले. मंदीच्या काळात घरात पैशांची चणचण असताना नवऱ्याच्या आग्रहावरून नाटकासाठी चाचणी दिली, निवडही झाली, आणि त्यांनी काम नाकारले! देवाची गाणी सोडून दुसरे गायचे नाही म्हणजे नाही. ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीयांची लौकिक सुखदुःखाची गाणी गाऊन क्लबांमध्ये भरपूर कमावता आले असते. उलट चर्चमधलेच काही धर्मगुरू त्यांच्या डोलण्यावर, टाळ्या वाजवण्यावर नाराज असत. अंगात भक्ती उतरली की अंग स्थिर कसे राहील?

‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ या गाण्याच्या लाखो तबकड्या खपल्या, 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित कार्नेगी हॉलमध्ये गाणे झाले. तरीही शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतल्यावर खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरी शहरात झालेल्या बस बहिष्काराच्या वेळी त्या तिथे गायला गेल्या. 1968 मध्ये किंग यांच्या अंत्यविधीतही त्याच गायल्या. चळवळीचा इतिहास सांगताना त्यांना वगळता येणारच नाही.

1971 मध्ये त्या भारतात आल्या होत्या, मुंबईतही गायल्या. पुढच्याच जानेवारीत त्यांचे निधन झाले. मुंबईचा तो कार्यक्रम ऐकलेले कोणी आपल्या वाचकांत असतील, तर त्यांनी तो कुठे झाला, त्या काय गायल्या, सोबत कोणती वाद्ये होती हे लिहून पाठवावे आणि आपण ते अवश्य छापावे, ही विनंती.

– एक वाचक, अहिल्यानगर