जुन्या घराची माया खरी, पण...

महोदय,

लहान घरांमुळे माणसं जास्त जवळ होती, असं सांगणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, आवडलाही, पण त्यातला मूळ मुद्दा काही पटला नाही.

आमचंही जुनं घर छोटंसंच. दमट हवेत त्याचं लाकडी दार फुगायचं, मग खालून पायाने रेटत वरची कडी ओढायची, ही ट्रिक घरातल्या सगळ्यांना झोपेतसुद्धा जमायची आणि पाहुण्यांना कधीच नाही! आजही ओल्या लाकडाचा वास आला की ते दार आठवतं. पण ही माया घराच्या साइजमुळे आहे असं म्हणणं जरा जास्तच झालं. उतारवयात माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त येतात असं मानसशास्त्रज्ञ सांगतात, म्हणजे त्या वयात जिथे राहिलो ते घर, बंगला असो की खोली, गोडच वाटणार ना.

आणि या गोडव्यातून आई नेमकी गाळली जाते. सगळे झोपेपर्यंत तिला पाय पसरायला जागा नसायची, बहिणीला कपडे बदलायचे तर आम्हाला बाहेर पिटाळावं लागायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही घरातली दाटी टाळा असं स्पष्ट म्हटलंय, कारण दाटीत क्षयासारखे आजार पसरतात.

तेव्हा जुन्या घरांवर भरभरून लिहा, आम्ही वाचूच, फक्त त्या आठवणींच्या जोरावर आजच्या तरुण कुटुंबांना 'एवढ्याशा जागेत भागवा, प्रेम वाढेल' असं सांगू नका.

– एक नियमित वाचक