‘मुक्त’ व्यापार आणि सोलापूरचा टॉवेल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुक्त व्यापार आणि परकीय गुंतवणूक यांमुळे गरीब देश वर येतात की आणखी खचतात, यावर बरेच बोलले जाते. सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या घरी दोन पिढ्या यंत्रमाग चालले. त्या अनुभवावरून मला एवढेच म्हणायचे आहे की, कापडाचा व्यापार खऱ्या अर्थाने मुक्त असा फार थोडा काळ होता आणि दार कधी उघडायचे व कधी लावायचे, हे बहुतेक वेळा श्रीमंत देशांनीच ठरवले.

इंग्लंडने 1700 आणि 1721 मध्ये कायदे करून हिंदुस्थानी छापील कापडाला आपल्या बाजारातून बाहेर काढले आणि आपल्याकडच्या लँकेशायर भागातील कापड गिरण्या जोमात आल्यावर जगाकडे खुल्या व्यापाराचा आग्रह धरला. सोलापूरची जुनी गिरणी उभी राहून साधारण वीस वर्षे होत होती, तोच 1896 मध्ये लँकेशायरच्या दबावामुळे सरकारने येथील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसवला, आणि तो जवळजवळ तीस वर्षे राहिला. पुढे 1974 ते 2004 या काळात अमेरिका आणि युरोपीय देशांनी आपल्यासारख्यांच्या कापडावर कोटा, म्हणजे ठरावीक मर्यादेपलीकडे माल न घेण्याचे बंधन, लावला. 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना आली तेव्हा तो दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने उठवायचे ठरले होते, पण महत्त्वाच्या बहुतेक वस्तू त्यांनी अगदी शेवटच्या दिवसापर्यंत अडवून धरल्या.

व्यापाराने भले होतच नाही, असे मी म्हणणार नाही. युरोपने 2001 पासून बांगलादेशाचा माल बिनशुल्क घेतला आणि तेथील लाखो बायकांच्या हाताला काम मिळाले. मात्र 24 एप्रिल 2013 रोजी तेथील राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा स्वस्त कपड्याची किंमत कोण मोजतो तेही दिसले.

गुंतवणुकीची गोष्ट याहून अवघड आहे. दक्षिण कोरियाने आपले उद्योग उभे राहीपर्यंत परकीय भांडवलावर कडक अटी घातल्या. आज एखाद्या गरीब देशाने गुंतवणूकदाराला ‘सुटे भाग इथूनच घ्या’ अशी अट घातली, तर जागतिक व्यापार संघटनेचा 1995 चा ट्रिम्स करार आडवा येतो. ज्या शिडीने इतर वर गेले, ती आता आपल्याला वापरता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आणि आठ मागांच्या आमच्या शेडकडे परकीय भांडवल फिरकत नाही, त्यामुळे धोट्याचे (आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीचे) जुने माग जाऊन बिनधोट्याचे नवे माग यायचे तर कर्ज आपल्यालाच काढावे लागते.

27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले. आमच्याकडून टॉवेल घेणाऱ्या व्यापाऱ्याने ‘सध्या थांबा’ असा निरोप धाडला. बांधून तयार असलेले गठ्ठे भिंतीला लागून राहिले आणि कांड्या भरायला (धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायला) येणाऱ्या दोघी बायकांना आठवड्यातून तीनच दिवस बोलवावे लागले. त्या दोघींना यातले काय ठरवता येणार होते?

म्हणून केंद्र सरकारला माझी विनंती आहे की, कोणत्याही व्यापार करारावर सही करण्यापूर्वी सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडी येथील यंत्रमागधारक व कामगार यांचे म्हणणे समोर बसून ऐकावे आणि करारातील कापडाविषयीची कलमे मराठीतून आधी प्रसिद्ध करावीत.

आपला,
एक यंत्रमागधारक,
पूर्व भाग, सोलापूर