वहिनींना एवढ्यात सांगू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं क्रूझवर चाललात हे वाचून बरं वाटलं, आणि खाली जोडलेली अठरा जणांची यादी बघून घाम फुटला. ‘तू दोनदा जाऊन आलायस, तेव्हा कुणाला काय आणू ते तूच सांग,’ म्हणतोस. सांगतो. पण आधी एक कबुली द्यायची आहे. हे पत्र वहिनींच्या हाती लागणार नाही एवढं बघ.

पहिल्या सफरीहून आल्यावर मी वहिनींना निळ्या काचमण्यांची माळ दिली होती, आठवते? ‘मुरानोची आहे, व्हेनिसजवळच्या बेटावर हाताने केलेली,’ असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. त्यांनी ती किती हौसेने आणि कुठे कुठे घातली ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस. तर ती मुरानोची नाही. बहुतेक व्हेनिसचीही नाही.

झालं असं होतं. तेव्हा मोठी जहाजं थेट सेंट मार्क चौकासमोरून जायची (२०२१च्या ऑगस्टपासून ते बंद केलंय, आता ती लांब थांबतात). आम्ही दिवसभर पायांचे तुकडे पडेपर्यंत हिंडलो आणि परत बोटीकडे निघालो तेव्हा लक्षात आलं की कुणासाठीच काही घेतलेलं नाही. हातात वीस मिनिटं. धक्क्याच्या वाटेवर एक दुकान, पाटीवर हातभर अक्षरांत ‘मुरानो’. आत शिरलो, पाच माळा उचलल्या, पैसे टाकले, पळालो. पाचांतली एक तुमच्याकडे आली. बाकीच्या चौघींना मी अजून काही बोललेलो नाही.

क्रूझची खरेदी फसते ती नेमकी इथे, आणि हे तुला आधीच कळलेलं बरं. बोट सकाळी लागते, संध्याकाळी निघते. निघायच्या अर्धा तास तरी आधी आत पाहिजेस, नाहीतर ती तुझ्यासाठी थांबत नाही. कागदावर आठ तास दिसतात, पण उतरायची रांग, बस, चालणं, परतीची धास्ती वजा जाता पाचेक उरतात. मग सगळेच जण खरेदी शेवटच्या वीस मिनिटांवर ढकलतात आणि बंदराच्या फाटकाबाहेरची दुकानं त्या वीस मिनिटांवरच चालतात. सँटोरिनी या ग्रीक बेटावर मी गाढवाचं एक मॅग्नेट पाहिलं, टोपी घातलेलं, हसरं. दोन दिवसांनी दुसऱ्या बेटावर तेच गाढव, तीच टोपी, फक्त खाली गावाचं नाव बदललेलं. ते गाढव आमच्याबरोबरच प्रवास करत होतं म्हणायचं.

या वेळी मी ठरवून गेलो: प्रत्येक बंदरात काही घ्यायचंच नाही. दोन बंदरं निवडायची, तिथे काय बनतं ते घरूनच वाचून जायचं, आणि खरेदी सकाळी करायची. बायको म्हणाली, सकाळी घेतलेलं दिवसभर वागवायचं कुणी? मुद्दा बरोबर होता. म्हणून आणखी एक अट घातली: खिशात मावेल असंच.

बोट व्हेनिसजवळच्या मार्गेराच्या बंदराला लागली. तिथून बसने व्हेनिस, आणि पुढे वापोरेत्तो, म्हणजे तिथली पाण्यावरची एस.टी. मुरानोला उतरल्या उतरल्या माणसं बोलवायला उभी असतात, ‘फुकट भट्टी बघा’ म्हणून. दोन मिनिटांत काचेचा घोडा करून दाखवतात आणि लगेच पलीकडच्या दालनात नेतात. घोडा सुरेख असतो, दालनात मात्र दम कोंडतो. आम्ही तिथून सटकलो आणि आतल्या गल्लीत शिरलो.

एका दाराच्या काचेआड निळी ज्योत दिसली. आत पन्नाशीची एक बाई मणी करत होती. मी विचारलं, बसू का? तिने पायाने स्टूल पुढे ढकललं. तिच्या एका हातात मातीसारखा लेप दिलेली बारीक पोलादी सळई, दुसऱ्यात निळ्या काचेची कांडी. कांडीचं टोक ज्योतीत लाल होतं, मधासारखं सुटतं, आणि ती ते सळईवर गुंडाळते. सळई सतत फिरती, कारण थांबली की मणी एका बाजूला लोंबला. मग पांढऱ्या काचेच्या काडीने चार ठिपके, वर पुन्हा आच. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. मी लगेच हात पुढे केला तर ती हसली आणि मणी सळईसकट भुरकट कणांच्या डब्यात खुपसून टाकला. काच एकदम गार झाली तर वरचा थर आधी आकसतो, आतला तापलेलाच राहतो, आणि मणी तडकतो. घड्याळावर बोट ठेवून म्हणाली, एक तास. मग ट्रेमधले कालचे मणी दाखवले, यातला घे. मला तोच हवा होता. बायको म्हणाली, तू बस तुझ्या डब्यासमोर, आणि ती एकटीच चौक बघायला गेली.

त्या तासात बाईला मोडक्यातोडक्या इंग्रजीत बरंच बोलायचं होतं. १२९१ साली व्हेनिसच्या सरकारने आगीच्या भीतीने भट्ट्या शहरातून उचलून या बेटावर आणल्या, हे तर तिथलं पोरही सांगतं. मण्यांच्या या कलेला २०२०मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली, हे मात्र तिने दोनदा सांगितलं. दाराला एक शिक्का चिकटवलेला होता: वेत्रो आर्तिस्तिको मुरानो. १९९४च्या प्रादेशिक कायद्याने आलेली ही खूण, मालावरच्या प्रत्येक चिकटपट्टीला वेगळा नंबर. ती घेण्याची सक्ती नाही, त्यामुळे नसली म्हणजे माल खोटाच असं नव्हे. पण असली की निर्धास्त घ्यावं.

मग मला दुर्बुद्धी सुचली. फोनमध्ये तुमच्याकडच्या लग्नातला वहिनींचा फोटो होता. मी तो मोठा करून माळ दाखवली आणि विचारलं, ही तुमच्याकडचीच ना? तिने चष्मा वर केला, फोन जवळ नेला. मग स्वतःचे सात-आठ मणी ओळीने मांडले. एक जरा फुगीर, एक चपटा, एकाचे ठिपके घसरलेले. पुन्हा फोटोकडे बोट करून म्हणाली, ‘एवढे जुळे माझ्या हातून होत नाहीत.’ पुढे काही बोलली नाही. चांगल्या घरची असावी.

तू खात्री करून घे. वहिनी घरात नसताना मण्यावरून नख फिरव. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक शिवण लागली तर तो साच्यात दाबून काढलेला मणी.

आता बाकीचं भराभर सांगतो. बोटीवर ‘कुठल्या बंदरात काय घ्यावं’ यावर भाषण होतं, छापील नकाशाही मिळतो. नकाशा घे, रस्ते बघायला कामी येतो. पण त्यात सुचवलेली दुकानं बहुतेकदा त्यासाठी पैसे मोजून आलेली असतात. बोटीवरची स्वतःची दुकानं बंदरात असताना बंद ठेवावी लागतात आणि समुद्रात गेलं की उघडतात, म्हणजे पळायला जागा नसते तेव्हा. शेवटच्या दिवशी टेबलं मांडून घड्याळांचा आणि साखळ्यांचा सेल लावतात. तिकडे ढुंकूनही बघू नकोस. तुर्कस्तानातल्या कुसादासी बंदरात एका दुकानावर ‘इथे अस्सल नकली घड्याळं मिळतील’ अशी पाटी पाहिली. सगळ्या प्रवासात भेटलेला सर्वांत प्रामाणिक व्यापारी तोच.

कुसादासीलाच गालिच्याच्या दुकानात नेतील. चहा पाजतील, एकावर एक गालिचे उलगडत जातील. बघायला जरूर जा, दृश्य छानच असतं. घ्यायचाच झाला तर उलटा करून बघ: हाताच्या गाठींचा असेल तर मागूनही नक्षी तितकीच स्पष्ट दिसते, आणि कडेच्या झालरी म्हणजे गालिच्याच्याच ताण्याचे दोरे असतात. यंत्राच्या गालिच्याला झालर मागाहून शिवलेली सापडते. आम्ही तीन कप चहा प्यायलो आणि काही न घेता उठलो. अजून थोडं अपराधी वाटतं.

माझं दुसरं निवडलेलं बंदर कॉर्फू होतं. या ग्रीक बेटावर १३८६ ते १७९७ व्हेनिसचं राज्य होतं, आणि तेलासाठी त्यांनी लोकांना बक्षिसं देऊन ऑलिव्हची झाडं लावायला लावली. त्या लागवडीचे म्हातारे, पिळवटलेले बुंधे आजही दिसतात. तिथे ऑलिव्हच्या लाकडाचा एक डाव घेतला. व्हेनिसमधून निघालेली गोष्ट दोन दिवसांनी कॉर्फूच्या झाडांत भेटते, याची गंमत वाटली म्हणून घेतला. आता रोज वापरात आहे. वापरला की लाकूड गडद होतं, नक्षी वर येते. नुसता कपाटात ठेवला असता तर कोरडा पडला असता.

काय आणायचं नाही ते मात्र नीट वाच, यात हसण्यासारखं काही नाही. किनाऱ्यावरची वाळू, गोटे, शिंपले खिशात टाकू नकोस. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २०१७च्या कायद्याने वाळू नेली तर ५०० ते ३००० युरो दंड आहे, आणि २०१९मध्ये एक फ्रेंच जोडपं गाडीत सुमारे ४० किलो वाळू घेऊन जाताना पकडलं गेलं होतं. ग्रीस आणि तुर्कस्तानात ‘जुनं नाणं आहे, तुम्हाला म्हणून देतो’ म्हणणारा भेटला तर चालू लाग. नाणं खोटं असलं तर पैसे गेले, आणि खरं असलं तर पुरातन वस्तू देशाबाहेर नेल्याचा गुन्हा. कासवाच्या कवचाचे कंगवे, काळं पोवळं, मोठे शंख यांच्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. दुकानात उघड विकायला ठेवलंय म्हणजे सीमेवरून नेता येतं, असं नाही. बंदरात घेतलेली दारूची बाटली बोट चढतानाच काढून घेतात, शेवटच्या रात्री परत देतात. सुरी, कात्री असलं काही घेऊ नकोस, स्कॅनरपाशी वाद नको.

आणि शेवटच्या रात्रीचं ध्यानात ठेव. बॅगा चिठ्ठी बांधून केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि सकाळपर्यंत त्या कुणीतरी इकडून तिकडे फेकलेल्या असतात. फुटणारं सगळं हातातल्या पिशवीत. तेलाची बाटली मात्र मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, कारण बऱ्याच विमानतळांवर १०० मिलिलिटरच्या वर हातात नेऊ देत नाहीत.

फुकटातलं एक सांगतो. रोज संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचं छापील पान येतं: सूर्योदय किती वाजता, कोणतं बंदर, काय कार्यक्रम. काही बोटींवर आता ते फोनवरच देतात, पण मागितलं तर कागद मिळतो. मी सगळी पानं ठेवली आणि रात्री झोपताना मागच्या बाजूला दोन-तीन ओळी लिहिल्या. कॉर्फूच्या पानावर कॉफीचा गोल डाग आहे आणि खाली बायकोच्या अक्षरात ‘याने माझी टोपी समुद्रात घालवली’. टोपी वाऱ्याने गेली होती, पण असो. बायकोने बोट सुटतानाचे तीन लांब भोंगेही फोनवर टिपून ठेवलेत. घरी कुणी वाजवले की आम्ही दोघंही दचकून घड्याळ बघतो.

तुझ्या अठरांपैकी बारा जणांना कार्ड टाक. वेगवेगळ्या बंदरांतून, तिथलं तिकीट लावून, आणि त्या त्या माणसाला सांगावंसं वाटेल असं एकच काहीतरी लिहून. तुम्ही घरी पोचल्यावर कार्डं पोचतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. एक स्वतःच्या पत्त्यावरही टाक. उरलेल्या सहांचं तूच ठरव, मी त्यांना ओळखतही नाही. तुझ्या ऑफिसातल्या त्या दोघांना तर काहीच आणू नकोस.

या पत्राबरोबर एक छोटी डबी येईल. आत व्हेनिसच्या दिवसाचं छापील पान गुंडाळून मणी ठेवलाय. निळा, चार पांढऱ्या ठिपक्यांचा. नीट बघितलंस तर एक ठिपका घसरलेला आहे, कारण त्याच वेळी मी बाईला काहीतरी विचारलं आणि तिने वर बघितलं. भोकात सळईच्या लेपाची जराशी पांढरी पूड आहे. बाई ती घासून काढायला निघाली होती, मीच राहू दे म्हणालो. वहिनींना तो दोऱ्यात ओवून गळ्यात घालता येईल.

माळेचं खरं सांगायचंच ठरवलंस तर आधी मणी त्यांच्या हातात दे आणि मग सांग. आणि त्या दिवशी मी फोन उचलला नाही तर समजून घे.

तुझाच,
मित्र