घाणेरीवर पीएचडी करायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पीएचडीचा प्रवेश पक्का झाला. फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "पुढचं बोल" म्हणता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. शिवाय वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करून "आता काय?" म्हणत घरी बसलेल्या कितीतरी जणींना तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

तणांवर, त्यातही घाणेरीवर काम करायचंय म्हटल्यावर एका ठिकाणी मला ऐकवलं होतं, "तणावर कसली पीएचडी? औषधी वनस्पती घे." तुम्ही मात्र विचारलंत, "घाणेरी म्हणजे नेमकी कोणती?" मी गप्प. लिनिअसनं 1753 साली लॅन्टाना कमारा हे नाव दिलं खरं, पण पुढे युरोपातल्या बागांमध्ये तिचे इतके संकर झाले की आपल्या डोंगरउतारांवर माजलेली झुडपं ही एकच जात की संकरांचा गोतावळा, यावर अजून एकमत नाही. एका झुडपात गुणसूत्रं 22, दुसऱ्यात 33, तिसऱ्यात 44!

मग तुम्ही मला पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात नेलंत. जुन्या शीटवरची फुलं वाळून सगळी सारखीच तपकिरी. परतताना रस्त्याकडेचा एक ताजा गुच्छ तोडून माझ्या हातावर ठेवलात. मधली फुलं पिवळी, कडेची गुलाबी. परागण झालं की रंग पालटतो. "नुसत्या रंगावर जात ठरवलीस तर एकाच गुच्छात दोन जाती निघतील," म्हणालात. माझा विषय तिथेच ठरला.

हा नुसता नावांचा घोळ नाही, हेही तुमच्यामुळेच उमगलं. घाणेरीला आवर घालायला तिच्या फळात वाढणारी माशी भारतात 1921 साली हवाईहून आणली. नंतरही कीटक सोडले, पण घाणेरी हटली नाही. त्याचं एक कारण म्हणजे काही कीटकांना तिचा एक प्रकार मानवतो, दुसरा नाही. कोणत्या डोंगरावर कोणता प्रकार आहे हे माहीतच नसेल, तर कीटक निवडायचा कशाच्या आधारावर?

प्रयोगशाळेतली तुमची चिकाटी तर विसरणं शक्य नाही. डीएनए काढायला पानं सिलिका जेलमध्ये वाळवायची, पेशी फोडणाऱ्या सीटॅब बफरमध्ये तपकिरी करणारी द्रव्यं बांधून ठेवणारी पीव्हीपी पावडर टाकायची, नाहीतर डीएनएऐवजी तपकिरी चिकट लगदा हाती येतो. माझ्या हाती तो बरेचदा आला. तुम्ही एकदाही वैतागला नाहीत. (रागावला असतात तर मला जरा बरं वाटलं असतं!)

आणि पैशाचं. आमच्या घरी "शिकतेस ते ठीक, पण खाणार काय?" हा खरा प्रश्न होता. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली की पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि घरभाडं भत्ता, पुढे 42,000, हे वडिलांना समोर बसवून तुम्हीच सांगितलंत. फेलोशिप हातात असेल तर गाइडही लवकर तयार होतात. ती नाही मिळाली तर त्या त्या समाजगटांसाठी सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. आघारकर संस्था असो की शिवाजी विद्यापीठ, आधी त्या गाइडचे शोधनिबंध वाच, मग आपला प्रश्न एका पानात लिहून पाठव, "मला पीएचडी करायची आहे" एवढंच लिहू नकोस, हा तुमचा सल्ला मी आता ज्युनिअर्सना जसाच्या तसा देते. तुमचं नाव न सांगता, त्याबद्दल माफ करा.

आता गुणसूत्रं मोजायला कळ्या लागतील. त्या दिवसाच्या कुठल्या वेळी तोडायच्या ते विचारायला या आठवड्यात फोन करतेय. तेव्हा मात्र आभार मानणार नाही.

तुमची,
घाणेरीवाली